फौजी चालक आणि मुलकी रस्ता

बेळगावहून भाजीपाला घेऊन रात्री निघालेले ट्रक पहाटेच्या सुमारास चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून गोव्यात येतात. त्यांच्या चालकांत एखादा निवृत्त सैनिक आढळला, तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात फौजेत जाण्याची परंपरा जुनी आहे आणि निवृत्तीनंतर दुसरी नोकरी शोधताना हाती असलेले वाहन चालविण्याचे कसब अनेकांच्या कामी येते. ट्रकमालकही अशा माणसाला आनंदाने ठेवून घेतो. 'फौजी आहे, गाडी जपेल' हा त्यामागचा साधा हिशेब.

हा हिशेब आता मोठ्या प्रमाणावर तपासून पाहण्याची वेळ येत आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६च्या अखेरीस आणि २०२७च्या प्रारंभी पूर्ण होत आहेत. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम सेवेत घेतले जातील. उरलेले ऐन विशी-पंचविशीत नागरी जीवनात परततील. त्यांत सैन्याच्या गाड्या चालविलेले तरुणही असतील. दुसरीकडे मालवाहतूक व्यवसाय चालक मिळत नसल्याची तक्रार सातत्याने करीत आहे. या दोन गोष्टींची सांगड घालावी, हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. मात्र सैन्यात शिकलेला चालक नागरी रस्त्यावर खरोखरच अधिक चांगला ठरतो का, याचे उत्तर भावनेच्या आधारे देऊन चालणार नाही. ते होकारार्थी असले, तरी त्या होकाराला काही महत्त्वाच्या अटी आहेत.

प्रथम जमेची बाजू पाहू. भारतीय सैन्यात वाहतुकीचा मोठा भार आर्मी सर्व्हिस कोअर उचलते आणि तिचे प्रशिक्षण केंद्र बेंगळुरूत आहे. तेथे चालकाला गाडी हाकण्याबरोबरच गाडीची निगा राखायलाही शिकवले जाते. गाडी हलविण्यापूर्वीची तपासणी म्हणजे 'फर्स्ट परेड', वाटेतल्या थांब्यावरची 'हॉल्ट परेड' आणि परतल्यावरची 'लास्ट परेड' हे शब्द फौजी चालकाच्या अंगवळणी पडलेले असतात. चाकांतील हवा, ब्रेक, तेल, पाणी, दिवे यांची पाहणी झाल्याखेरीज गाडी आवाराबाहेर पडत नाही. प्रत्येक फेरीची नोंद कार डायरीत होते. झोजिलासारख्या ११,५७५ फूट उंचीवरच्या खिंडीतून, बर्फाने निसरड्या झालेल्या अरुंद वाटेने भरलेली गाडी नेलेल्या माणसाला घाटाचा धाक कळतो. ज्या गिअरमध्ये चढ चढलो, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा हा नियम त्याच्या हाताला शिकवावा लागत नाही. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे आणि मग सतत दाबून तापलेले ब्रेक निकामी होणे हे घाटातील अपघातांचे नेहमीचे कारण आहे. ही एक सवय जरी सैन्यातून नागरी रस्त्यावर आली, तरी अनेक जीव वाचतील.

परंतु प्रशिक्षण ज्या परिस्थितीसाठी दिलेले असते, तिच्याबाहेर ते किती उपयोगी पडते, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 'युसा' ही अमेरिकी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांचा विमा उतरविणारी संस्था. तिने फेब्रुवारी २००७ ते फेब्रुवारी २०१० या काळातील परदेशी मोहिमांवर गेलेल्या आपल्या विमाधारकांच्या नोंदी तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. मोहिमेवर जाण्यापूर्वीच्या सहा महिन्यांच्या तुलनेत परतल्यानंतरच्या सहा महिन्यांत, स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातांचे प्रमाण १३ टक्क्यांनी वाढलेले होते. लष्करातील सैनिकांत ही वाढ २३ टक्के होती. नौदल आणि हवाई दलात मात्र ती अगदी थोडी होती. इराक आणि अफगाणिस्तानच्या रस्त्यांवर वेगाने जाणे, रस्त्याच्या मधोमध गाडी ठेवणे, चौकात न थांबणे या सवयी जीव वाचवीत होत्या. त्याच सवयी मायदेशातील गल्लीत जीवघेण्या ठरल्या. हे निष्कर्ष खाजगी मोटारींविषयीचे आहेत, ट्रकविषयीचे नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही हाताला लागलेले वळण नोकरी संपली म्हणून त्या दिवशी संपत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

आपल्याकडची परिस्थिती इराकसारखी नाही. पण आपला फौजी चालकही बऱ्याचदा ताफ्यातच घडतो. ताफ्याचा वेग ठरलेला, दोन गाड्यांतील अंतर ठरलेले, थांबे ठरलेले आणि पुढे एक अधिकारी. पुलवामाच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरच्या महामार्गावर ताफ्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस नागरी वाहतूक काही काळ बंद ठेवली गेली होती. अशा मोकळ्या केलेल्या रस्त्यावर तयार झालेल्या चालकाला फोंड्याच्या बाजारात आडव्या येणाऱ्या दुचाकीचा, पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटरचा किंवा रस्त्यावर बसलेल्या गुरांचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो.

वाहनाचाही फरक आहे. सैन्यातील स्टॅलियनसारखी गाडी खडतर प्रदेशात सुमारे पाच टन भार वाहण्यासाठी बनविलेली आहे. नागरी मालवाहतुकीत तीन आसांच्या ट्रकला २०१८च्या सुधारित नियमांनुसार एकूण २८.५ टन वजनाची मुभा आहे, तर मोठ्या ट्रेलरला ५५ टनांपर्यंत. वळणावर मागचा ट्रेलर किती आत येतो, भरलेली गाडी थांबायला किती अंतर घेते, टँकरमधील द्रव ब्रेक लागताच पुढे कसा उसळतो, हे वेगळे शिक्षण आहे. ब्रिटनला याची जाणीव होती. २०२१च्या शरद ऋतूत तेथे चालकांच्या टंचाईमुळे पेट्रोल पंप कोरडे पडले, तेव्हा ४ ऑक्टोबरपासून सुमारे दोनशे सैनिक मदतीला उतरविले गेले. त्यांतील निम्मे चालक होते. सैन्यात टँकरचे काम केलेल्या या माणसांनाही वितरण कंपन्यांच्या आवारात आधी प्रशिक्षण घ्यावे लागले. अडचणीच्या घडीलाही ती पायरी वगळली गेली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सैन्यात अपघात होत नाहीत, असाही समज करून घेऊ नये. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेने जुलै २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१० ते २०१९ या दहा आर्थिक वर्षांत तेथील लष्कर आणि मरीन कोअर यांच्या लष्करी वाहनांचे युद्धाव्यतिरिक्त ३,७५३ अपघात झाले आणि त्यांत १२३ सैनिक मृत्युमुखी पडले. कारणांत चालकाचे दुर्लक्ष, देखरेखीतील ढिलाई आणि प्रशिक्षणातील उणिवा यांचा क्रम वरचा होता. देखरेख सुटली की गणवेशातील चालकही इतरांसारखाच चुकतो, हे यावरून दिसते.

येथेच या साऱ्या चर्चेचे मर्म आहे. फौजी चालकाच्या चांगुलपणाचे श्रेय आपण त्याच्या प्रशिक्षणाला देतो. प्रत्यक्षात त्याच्या भोवती एक संपूर्ण यंत्रणा उभी असते. त्याला महिन्याचा पगार मिळतो. फेरी लवकर संपविल्याने त्यात एक रुपयाही वाढत नाही. शेजारी सहचालक असतो. गाडीत दोष असेल, तर ती बाहेर न काढण्याचा अधिकार कुणाकडे तरी असतो. ठरल्यापेक्षा अधिक माल भरण्यात कुणाचा नफा नसतो. निवृत्तीच्या दिवशी प्रशिक्षण त्याच्यासोबत बाहेर पडते. ही यंत्रणा मात्र छावणीच्या फाटकाआत राहते.

बाहेर त्याची गाठ कशाशी पडते? १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता आणि आपली मालवाहतूक मोठ्या प्रमाणावर एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मालकांच्या हाती आहे. पुढे हा कायदा २०२०च्या श्रमसंहितेत सामावला गेला. चालकाची झोप मात्र पूर्वीइतकीच अपुरी राहिली. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असण्याची अट २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. म्हणजे सैन्यात ज्याच्या शेजारी सहचालक असे, त्याने बाहेर येऊन रात्रभर एकट्याने स्टिअरिंग धरायचे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग असल्याचे केंद्राच्या अहवालाने नोंदविले. वेगावर ताबा ठेवणे न येणारे चालक थोडे. वेळेच्या आणि पैशाच्या दबावाने तो ताबा सोडणारे पुष्कळ.

गोव्याला हे सांगायला बाहेरचे दाखले नकोत. खाणव्यवसाय भरात असताना सावर्डे, कुडचडे, उसगाव, डिचोली या भागांतील रस्त्यांवर खनिजवाहू ट्रकांची जी शर्यत लागे, ती पाहिलेली पिढी अजून आहे. ती शर्यत फेऱ्यांच्या हिशेबाने मिळणाऱ्या पैशांची होती. जितक्या फेऱ्या तितकी कमाई, हा नियम असेल, तर तेथे फौजेतून आलेला चालकही चार दिवस शिस्त पाळील आणि पाचव्या दिवशी इतरांबरोबर धावेल. नाहीतर नोकरी सोडील. २०१८ मध्ये थांबलेले खाणकाम लिलावानंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होत असताना ही आठवण ताजी ठेवणे आवश्यक आहे.

कायद्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८नुसार संरक्षण दलाच्या वाहनांसाठी वेगळा परवाना दिला जातो आणि तो धारण करणाऱ्याला त्या परवान्यावर नागरी वाहन चालविता येत नाही. मात्र कलम ९मध्ये असा परवाना असलेल्या व्यक्तीला त्याच वर्गाच्या वाहनासाठी चालन चाचणीतून सूट देण्याची तरतूद आहे. अमेरिकेतही अशी सवलत २०११पासून आहे. तेथे अवजड लष्करी वाहनांचा दोन वर्षांचा अनुभव आणि स्वच्छ नोंद असलेल्या व्यक्तीची प्रात्यक्षिक चाचणी राज्ये माफ करू शकतात. या सवलतीमागे सैनिकाचा मान राखण्याची भावना आहे आणि ती रास्त आहे. परंतु पंधरा-सतरा वर्षे सेवा करून निवृत्त झालेला हवालदार आणि चार वर्षांनी बाहेर पडणारा तेवीस वर्षांचा तरुण यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. आजवर माजी सैनिक चालकांविषयी जो चांगला लौकिक तयार झाला, त्यात प्रशिक्षणाइतकाच वयाचा, संसारी जबाबदारीचा आणि दीर्घ अनुभवाचा वाटा आहे. शिवाय सैन्यात निवड होतानाच डोळे, प्रकृती आणि स्वभाव यांची चाळणी लागलेली असते. तो लौकिक या नव्या पिढीने सिद्ध करायचा आहे. तो आपोआप वारशाने येईल, असे धरून चालणे त्या तरुणांवरही अन्याय करणारे ठरेल. पहिल्याच वर्षी ट्रेलरचा अपघात घडला, तर तुरुंगाची वाट त्या तरुणासमोर असेल, चाचणी माफ करणाऱ्या कार्यालयासमोर नव्हे. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४च्या आरंभी देशभरातील ट्रकचालक संपावर गेले होते. तो रोष या असुरक्षिततेतूनच आला होता.

मग करावे काय? २०२१च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला आहे. माजी सैनिकासाठी त्यातील वाहनाची निगा आणि प्राथमिक चालन हा भाग वगळता येईल. मात्र भरलेला ट्रेलर, टँकर, दाट वस्तीतील वाहतूक आणि मुलकी कायदा हा भाग सर्वांना सक्तीचा असावा. असा जोडअभ्यासक्रम राज्याचे वाहतूक खाते आणि सैनिक कल्याण विभाग मिळून आखू शकतात. चोर्ला आणि अनमोडसारखे घाट हाताशी असताना प्रात्यक्षिकासाठी दूर जाण्याचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण, पण अधिक मोलाची आहे. खनिज वाहतुकीचे आणि सरकारी मालवाहतुकीचे कंत्राट देताना चालकाला मासिक वेतन, विश्रांतीचे तास, फेरीपूर्वी गाडीच्या तपासणीची नोंद आणि लांब पल्ल्यावर दुसरा चालक या अटी घातल्या जाव्यात. या चारही गोष्टी सैन्याने आपल्याकडे नित्याच्या करून दाखविल्या आहेत. त्यांना उच्च तंत्रज्ञान लागत नाही. खर्च थोडा वाढतो आणि तो मालाच्या भाड्यात दिसू द्यावा लागतो.

फौजेतून आलेला चालक आपल्या रस्त्यांना हवा आहे, यात शंका नाही. फक्त त्याला एकट्याला आणून भागणार नाही. गाडीत दोष आहे म्हणून आज ती बाहेर काढणार नाही, असे त्याने सांगितले, तर त्याची नोकरी टिकेल का? ट्रकमालक आणि सरकार यांना या प्रश्नाला 'हो' म्हणता येईल, त्या दिवशी सैन्याच्या प्रशिक्षणाचा लाभ मुलकी रस्त्याला मिळू लागेल. आणि ज्याने कधी गणवेश घातला नाही, अशा चालकालाही.