पोरांची शुगर : चाचणीत काय मोजायचं?

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. निदान होतं तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात. त्या वाचवायला ऑस्ट्रेलियात बॅरिसिटिनिब ही संधिवाताची गोळी तपासली. निकाल २०२३ ला आला. निदानानंतर १०० दिवसांच्या आतले ९१ रुग्ण. ६० जणांना औषध, ३१ जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. इन्सुलिन सगळ्यांना चालूच. ४८ आठवड्यांनी औषधवाल्यांचं शरीर स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवत होतं.

चांगलंच झालं. पण यश मुख्यतः रक्तातल्या सी-पेप्टाइडवर ठरलं. रात्री शुगर उतरून पोराला किती वेळा घाम फुटतो, शाळा किती बुडते, हेही तितक्याच वजनानं मोजायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आणि ते १०० दिवस! वस्तीतलं लेकरू बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोहोचतं, तोवर बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. सतत तहान, सारखी लघवी, उतरतं वजन दिसलं की त्याच दिवशी शुगर तपासायलाच हवी.

उद्या कुणी चाचणीसाठी सही मागितली तर आयाबायांनो, आधी विचारा : इन्सुलिन चालू राहणार ना? अपाय झाला तर? २०१९ च्या नियमांप्रमाणे त्यावरचे उपचार मोफत द्यावे लागतात.