तेल वेगळं करायचं ते यंत्रापाशीच

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि सीएनसी यंत्रांवर सतत पडणारं दुधाळ कूलंट म्हणजे पाणी, तेल आणि या दोघांना एकमेकांपासून सुटू न देणारी रसायनं. महिनोन्‌महिने वापरून ते कुजलं, वास मारू लागलं, की बदलावं लागतं. ते गटारात गेलं तर पुढे पवना आणि इंद्रायणी या नद्याच आहेत. अशा सांडपाण्याचा विषय निघाला की मागणी होते ती मोठ्या सामूहिक प्रक्रिया केंद्राची. केंद्रं हवीतच, पण तेल वेगळं करण्याची मुख्य जागा ती नव्हे.

याचं कारण तेलाच्या थेंबाच्या आकारात आहे. थेंबाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा वर येण्याचा वेग शंभरपट घटतो. दीडशे मायक्रॉनचा थेंब संथ पाण्यात मीटरभर वर यायला साधारण पाव तास घेतो. पंधरा मायक्रॉनच्या थेंबाला जवळपास पूर्ण दिवस लागतो. तेलकट पाणी पंपातून घुसळत, फरशी धुतलेल्या साबणाच्या पाण्यात मिसळत केंद्रापर्यंत आणायचं म्हणजे सहज तरंगलं असतं ते तेलही आपल्याच हातांनी बारीक करायचं. मग त्यासाठी तुरटीसारखी रसायनं आणि हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडणाऱ्या टाक्या लागतात, आणि तेलकट गाळाचा नवा प्रश्न उभा राहतो. एवढं करूनही तेल निसटलंच तर ते जैविक टाकीतल्या जिवाणूंवर थर धरतं आणि त्यांचा प्राणवायू तोडतं. नदीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एक किलो तेल एक लाख लिटर पाण्यात मिसळलं की कागदोपत्री सगळं नियमात बसतं, नदीत मात्र किलोभर तेल गेलेलंच असतं.

चार यंत्रांवर जॉबवर्क करणाऱ्याला तेल यंत्रापाशीच वेगळं करणं परवडेल का, हा आक्षेप खरा आहे. त्याच्याकडे जागा नाही, पैसा नाही, केमिस्ट तर नाहीच. म्हणूनच त्याच्याकडून प्रक्रियेची अपेक्षा करू नये. फक्त वेगळं ठेवण्याची करावी. कूलंटवर तरंगणारं यंत्राचं तेल साधा बेल्ट स्किमर काढून घेतो, आणि त्यामुळे कूलंटही जास्त टिकतं. खराब कूलंट गटाराऐवजी पिंपात साठवावं आणि औद्योगिक वसाहतीच्या टँकरने ते उचलावं. असं थोडं पण दाट कूलंट एका ठिकाणी फोडून त्यातलं तेल वेगळं करणं, तेच तेल लाखो लिटर पाण्यातून शोधत बसण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

निघालेलं तेल विकून हा खर्च भागेल, असं मात्र कुणी सांगू नये. दूषित तेलाला भाव कमीच मिळतो. वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून तेल उत्पादकांवर आली आहे, तिचा काही आधार होईल. उरलेला भार या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या सुट्या भागांवर गाड्या उभ्या करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी उचलायला हवा. जॉबवर्कचा दर ठरवताना स्टील, वीज, मजुरी धरली जाते. पिंपभर कूलंटच्या विल्हेवाटीचा खर्चही त्याच दरात धरला पाहिजे.