पुढचा भाग येईल, पण जुन्या आयडीचं काय?

‘फ्री फायर इंडिया’ हा मोबाईल गेम ५ सप्टेंबर २०२३ ला येणार, अशी घोषणा गरेना कंपनीनं ऑगस्टच्या शेवटी केली. जाहिरातीत महेंद्रसिंह धोनी होता. भारतातल्या खेळाडूंची माहिती भारतातच साठवली जाईल, असा शब्द होता आणि त्यासाठी योट्टा या कंपनीशी करार झाला होता. योट्टाचं मोठं डेटा सेंटर आपल्या पनवेलला आहे. मग ऐन वेळी कंपनीनं सांगितलं, की खेळ अजून सुधारायचा आहे, इथल्या खेळाडूंसाठीचे बदल पूर्ण करायचे आहेत, काही आठवडे थांबा. ते आठवडे उलटले. २०२३ सरलं, २०२४ही सरलं, गेम आला नाही.

ही वाट पाहणं शहरात चेष्टेवारी गेलं असेल. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावात त्याचं वजन वेगळं असतं, कारण तिथल्या पोरांपुढे पर्याय थोडे असतात. घरात कन्सोल नसतो, गेमिंगचा कॉम्प्युटर नसतो. सोयाबीन विकल्यावर घेतलेला एक अँड्रॉइड फोन असतो आणि तो साऱ्या घराचा असतो. त्यावर बापाला बाजारभाव पाहायचे असतात, बहिणीला अभ्यासाचे व्हिडिओ आणि आईला मामाशी बोलायचं असतं. उरलेल्या वेळात, उरलेल्या चार्जिंगवर आणि उरलेल्या स्टोरेजमध्ये गेम. फ्री फायर गावोगाव पसरला तो याच उरलेल्या जागेत मावला म्हणून. तो हलका होता, जुन्या फोनवर चालायचा, एका सामन्यात पन्नास जण उतरायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत निकाल लागायचा. देवळाच्या ओट्यावर चौघं चार फोन घेऊन बसले, की एकाचं लक्ष खेळापेक्षा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर. “भौ, पिंग पाय ना, दोनशेच्या वर गेलं!” पिंग म्हणजे नेटवर्कला लागणारा उशीर; तो आकडा लाल झाला, की आपण गोळी झाडेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. मग एकजण हात उंच करून नेटवर्क शोधत रस्त्यापर्यंत जातो.

१४ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारनं ५४ ॲपवर बंदी घातली, त्यात फ्री फायर होता. त्याचंच जड भावंड ‘फ्री फायर मॅक्स’ मात्र राहिलं आणि जुनी आयडी त्यात चालत असल्यानं बरीच मुलं तिकडे गेली. ज्यांच्या फोनला मॅक्स पेलवला, त्यांचं निभावलं. बाकीच्यांचा फोन गरम होऊन हँग व्हायला लागला.

म्हणूनच नव्या अवताराची किंवा पुढच्या भागाची घोषणा झाली, की खेळाडू पहिला प्रश्न चित्रांबद्दल विचारत नाहीत. नकाशा किती मोठा, हत्यारं किती, हे नंतर. आधी विचारतात, माझी आयडी राहील का?

मोठ्यांना हा प्रश्न पोरकट वाटतो. तो तसा नाही. ऑनलाइन खेळात, विशेषतः भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, आयडी म्हणजे त्या माणसानं वर्षानुवर्षं घडवलेलं पात्र असतं. नाव त्यानं ठेवलेलं, वेश त्यानं निवडलेला, रँक रात्री जागून मिळवलेली, गटातली ओळख सोबत्यांबरोबर खेळून झालेली. बारावीनंतर एकजण पुण्याला कंपनीत लागला, दुसरा संभाजीनगरला शिकायला गेला, तरी रात्री दहाला चौघं पुन्हा एका लॉबीत भेटतात. त्या ओट्याचीच ती पुढची जागा. पुढचा भाग आणताना ही जागा पाडायची की वाढवायची, हा निर्णय कंपनीचा असतो आणि खेळाडूच्या हातात काहीच नसतं. शंका तिथून उगवते.

जगभरात या निर्णयाचे चांगले-वाईट दोन्ही नमुने आहेत. जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा ‘फायनल फँटसी १४’ २०१० मध्ये आला तो सपशेल फसला. कंपनीनं चूक मान्य केली, नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये गेम जवळजवळ नव्यानं उभा केला. जुन्या खेळाडूंची पात्रं त्यांनी टाकून दिली नाहीत. ती नव्या जगात आणता आली आणि पडत्या काळात सोबत राहिलेल्यांची नावंही श्रेयनामावलीत आली. हा गेम पुढे भूमिका घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांतला अग्रणी ठरला. अमेरिकेतल्या ‘गिल्ड वॉर्स’नं २०१२ मध्ये दुसरा भाग काढला तेव्हा पहिला चालू ठेवला आणि पहिल्यात कमावलेल्या गोष्टींचा मान दुसऱ्यात दिला.

उलट ‘ओव्हरवॉच’. त्याचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि पहिला बंद झाला. ज्यांनी पहिला पैसे मोजून विकत घेतला होता, त्यांच्यासाठीही तो राहिला नाही. दुसरा भाग का हवा, याचं उत्तर म्हणून कथानकाचा एक मोठा विभाग दाखवला गेला होता. तो ज्या रूपात सांगितला होता, त्या रूपात येणार नाही, हे मे २०२३ मध्ये जाहीर झालं.

आपल्याकडे या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा पब्जीनं घेतली. २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲपवर बंदी आली, त्यात ‘पब्जी मोबाईल’ गेला. २ जुलै २०२१ ला क्राफ्टन या कोरियन कंपनीनं ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ आणला आणि जुन्या आयडीवरचा ऐवज नव्यात हलवण्याची सोय ठराविक मुदतीपर्यंत दिली. ज्या दिवशी मुलांना आपले जुने वेश नव्या गेममध्ये दिसले, त्या दिवशी अर्ध्या तक्रारी संपल्या. पुढे २८ जुलै २०२२ ला तोही प्ले स्टोअरवरून उतरला आणि मे २०२३ मध्ये अटींसह परतला. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर सरकारनं निर्णय घ्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्या ये-जा करण्यात खेळाडूला कोणी काही विचारलं नाही, हेही खरं आहे. मे २०२३ चा आनंद आठवणारे खेळाडू आज कुठल्याही घोषणेवर पूर्ण विश्वास टाकत नाहीत, ते यामुळेच.

देशी गेमबद्दल बोलताना भावना आड येतात. येऊ द्याव्यात, पण हिशेब सोडू नये. पब्जीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारनं ‘फौजी’ची घोषणा केली. नोंदणी लाखांत झाली. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला तेव्हा त्यात गलवान खोऱ्याचं कथानक होतं, हातघाईची मारामारी होती, पण मित्रांबरोबर खेळायची सोय नव्हती आणि लोकांना नेमकी तीच हवी होती. काही दिवसांतच रेटिंग घसरलं. पुढचा भाग ‘फौजी डॉमिनेशन’ २०२५ च्या सुरुवातीला मुंबईच्या नझारा कंपनीनं प्रकाशित केला. त्यात पाच विरुद्ध पाच असा गटांचा सामना ठेवला. म्हणजे जी गोष्ट खेळाडू पहिल्या दिवसापासून मागत होते, तिच्याभोवती आखलेला गेम यायला चार वर्षं लागली. इथे देशाभिमान कमी पडला नव्हता. खेळाडूचं ऐकणं कमी पडलं होतं.

पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ या बाबतीत अधिक धीराचा. २०२२ मध्ये जाहीर झाला, मध्ये चाचण्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. शेवटचा उरलेला जिंकतो हा ठरलेला नियम त्यांनी थोडा वाकवला. ‘कॉस्मियम’ नावाची वस्तू ताब्यात घेऊनही जिंकता येतं. भारतीय वळणाचं भविष्यकाळातलं जग उभं करायचा प्रयत्न मनापासूनचा आहे. अशा गेमच्या पुढच्या वाटचालीवर महाराष्ट्रानं लक्ष ठेवायला हवं.

पुण्यातूनच आणखी एक पुढचा भाग येऊ घातला आहे, तो ‘राजी: कलियुग’. नोडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओचा पहिला ‘राजी’ २०२० मध्ये आला. लोकांकडून पैसे गोळा करण्याची २०१७ ची त्यांची मोहीम फसली होती, तरी त्यांनी गेम पूर्ण केला आणि २०२० मध्येच जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. भावाला शोधत निघालेली एक डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, अंगावर येणारे असुर, आणि गोष्ट सांगणारे विष्णू आणि दुर्गा. गेम खेळलेल्या जवळजवळ प्रत्येकाची एक तक्रार होती, की तो अचानक संपतो. म्हणून पुढच्या भागाची आस खरी आहे. हा ऑनलाइन टोळीनं खेळायचा गेम नाही, एकट्यानं खेळायचा आहे, आणि कॉम्प्युटर-कन्सोलवर आधी येणाऱ्या अशा गेमपासून ओट्यावरची चार मुलं दूरच राहतात. गोष्ट आपली, कारागीर आपले, फक्त आपल्या गावापर्यंत यायला रस्ता नाही. पहिला ‘राजी’ नंतर नेटफ्लिक्सवरून मोबाईलवर आला, पण त्यासाठी वर्गणी लागायची. दुसऱ्याच्या बाबतीत साध्या फोनचा विचार सुरुवातीपासून झाला, तर त्याचे खेळाडू कितीतरी वाढतील.

आणि गोष्टींचा तुटवडा कुठे आहे? साखरखेर्ड्याचंच घ्या. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजामाचा दख्खनेत जम बसला आणि पुढची सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या हैदराबादच्या राज्याची पायाभरणी झाली. दिल्लीच्या बादशहाचा कल मुबारिझखानाकडे होता. पुढे ज्यांच्याशी निजामाचं आयुष्यभर वैर चाललं, ते मराठे या वेळी त्याच्या बाजूला होते. विजयानंतर निजामानं गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं, पण लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिलं. भूमिका घेऊन खेळायच्या गेमला याहून चांगला मसाला कुठला? खेळणाऱ्यानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? बाजीरावाच्या तरुण घोडेस्वाराला निजामाच्या मदतीला जाताना काय वाटलं असेल? जवळच जिजाऊंचं सिंदखेडराजा, थोड्या अंतरावर उल्केनं पाडलेलं लोणारचं सरोवर. गेमच्या नकाशासाठी लागणारी भूमी इथे मूळचीच आहे. बाहेरच्या राक्षस-परीकथांपेक्षा हे सगळं इथल्या पोराला अधिक ओळखीचं वाटेल आणि बाहेरच्याला अधिक नवं.

ही गोष्ट मराठीत सांगायला हवी. पंधरा वर्षांचा खेळाडू इंग्रजी मेनू सवयीनं चालवतो, ‘टॉप-अप’ आणि ‘क्लेम’ कुठे आहे हे त्याला पाठ असतं. पण कथानक असलेल्या खेळात संवाद कळल्याशिवाय निवड करता येत नाही. तिथे तो नुसता बटणं दाबत पुढे जातो आणि गेमचं निम्मं सुख त्याच्या हाती लागत नाही.

पालकांची शंका याहून वेगळी आहे आणि तीही तितकीच खरी आहे. फोन बापाचा, यूपीआय बापाच्या खात्याचं, पिन पोराला पाठ. डायमंड किंवा यूसी, म्हणजे गेममधलं चलन, घ्यायला क्षणही लागत नाही. बॅटलग्राउंड्सनं २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि ७ हजार रुपये अशी मर्यादा घातली होती. तीन तास ठीक. पण दिवसाला ७ हजार ही मर्यादा ज्यानं ठरवली, त्याच्या डोळ्यांपुढे शेतमजुराचं घर नव्हतं. ती त्याची पंधरा-वीस दिवसांची मजुरी झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. हे पाऊल योग्यच होतं, रमीच्या नादात घरं बसली होती. पण त्यामुळे गावात एक घोटाळा झाला आहे. पत्त्यांचा जुगार आणि फ्री फायर हे दोन्ही ‘मोबाईलवरचा गेम’ या एकाच नावाखाली शिव्या खातात. ई-स्पोर्ट्सची मान्यता कागदावरून शाळेच्या मैदानापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर खर्चाची मर्यादा महिन्याला काही शे रुपयांवर आणणं, आणि ती पालकाच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीशिवाय न उघडणं, एवढं तर कंपन्या आजच करू शकतात.

आशा मोठ्या आहेत, यात शंका नाही. फ्री फायर इंडिया असो, इंडस असो की राजीचा पुढचा भाग, नुसती बातमी आली तरी ओट्यावर दिवसभर तोच विषय असतो. त्या आशेला उत्तर म्हणून कंपन्यांनी तीन गोष्टी घोषणेच्या दिवशीच लिहून द्याव्यात. जुनी आयडी चालेल की नाही, किमान किती रॅमचा फोन लागेल, आणि तारीख पुढे गेली तर नवी तारीख कधी कळेल. शिवाय चाचणीची आवृत्ती पुण्या-मुंबईतल्या वायफायवर आणि नव्याकोऱ्या फोनवर पारखून भागणार नाही. ती जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यात न्यावी. तेव्हा पहिला पाऊस पडून लाइट गेलेली असते, टॉवरचं नेटवर्क जेमतेम दोन काड्यांवर असतं आणि तीन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी वीस टक्क्यांवर आलेली असते. त्या फोनवर चौघांचा गट एक सामना शेवटपर्यंत खेळू शकला, तर तारीख जाहीर करायला हरकत नाही.