मायनरला अर्थशास्त्र : फॉर्म भरण्याआधी थोडं थांबा

बारावीचा निकाल लागला की घरात चर्चा एकाच गोष्टीची, मेजर काय घ्यायचं? उर्दू, इतिहास, की राज्यशास्त्र? मायनरचा रकाना मात्र मैत्रिणीने काय भरलं ते बघून, नाहीतर कुठलं लेक्चर लवकर सुटतं ते बघून भरला जातो. नव्या शैक्षणिक धोरणात हा निष्काळजीपणा महागात पडू शकतो.

यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत, त्यातले २४ मायनरचे. आकडा विद्यापीठानुसार थोडा बदलतो. महत्त्वाचं पुढेच आहे. २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात एमए करता येतं. म्हणजे उर्दूत बीए करणारी मुलगी अर्थशास्त्रात एमए करू शकते, आणि एमए झालं की इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षाही देऊ शकते. आपलं विद्यापीठ हे कसं राबवतं, ते मात्र आधी विचारून घ्यावं.

नोकरीचं हे झालं. माझ्या मते खरी गरज वेगळीच आहे.

सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. त्याचा हवाला दिल्याशिवाय आपलं एकही भाषण पूर्ण होत नाही. त्या समितीचे सदस्य सचिव डॉ. अबुसालेह शरीफ अर्थतज्ज्ञ होते आणि अहवालाची सगळी ताकद त्यातल्या तक्त्यांमध्ये आहे. ते तक्ते वाचणारे पदवीधर आपल्याकडे किती?

अल्पसंख्याक मंत्रालयाच्या बजेटचंच घ्या. २०२२-२३ साठी ५,०२०.५० कोटी, पुढच्या वर्षी ३,०९७.६० कोटी. ३८ टक्के कपात! व्हॉट्सअॅपवर हेच फिरलं आणि ते खरंही आहे. पण २०२२-२३ चा सुधारित अंदाज होता २,६१२.६६ कोटी. त्याच्याशी तुलना केली तर तीच रक्कम वाढलेली दिसते. दोन्ही बाजू आपापला आकडा दाखवून मोकळ्या. खरा प्रश्न असा की मंजूर रकमेपैकी जवळपास निम्मी वर्ष संपण्याआधीच का कापली गेली? कुठली शिष्यवृत्ती अडकली? अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक ज्याला कळतो, तोच हे विचारू शकतो. वक्फच्या मिळकतींचं भाडं बाजारभावाच्या किती खाली आहे, हाही याच जातीचा प्रश्न.

‘व्याजाचा विषय’ म्हणून काही घरांत नाक मुरडतात. व्याजाचं गणित समजून घेणं आणि व्याज खाणं एक नव्हे. जकातीचा निसाब काढतानाही सोन्या-चांदीचा भाव बघतोच ना आपण?

गणिताची भीती मात्र अगदीच खोटी नाही. मायनरला टक्केवारी, सरासरी, आलेख येत असले तरी बरंच निभावतं. एमएला संख्याशास्त्र सुटत नाही. म्हणून मायनरच्या पेपरांत संख्याशास्त्र आहे का, ते अभ्यासक्रमात तपासा. नसेल तर एमएचा रस्ता कागदावरच राहण्याची शक्यता जास्त.

आणखी एक. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांमधूनच दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर ठरतात. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र घेतलंच नाही, तर पुढे ते मागूनही मिळत नाही. तेव्हा हे ऑफिसात विचारायचं ते फॉर्म भरण्याच्या दिवशीच.