आधी हिशेबाची पाटी लावा!

मैत्रिणींनो, पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरसुद्धा वजन आणि किंमत छापावी लागते. मग कॅसिनोत हजारोंचा डाव लावणाऱ्याला आधी हिशेब का दाखवू नये?

रुलेटचंच चाक घ्या. 0 ते 36, असे 37 आकडे. आकडा लागला तर 35 पट मिळतात, लावलेले परत. आता प्रत्येक आकड्यावर शंभर लावा. गेले 3700, आले 3600. शंभर मालकाचे! यात लबाडी नाही, खेळच तसा बेतलेला आहे. ब्रिटनमध्ये 2005च्या जुगार कायद्याखाली कॅसिनोला खेळांचे नियम ग्राहकांपुढे मांडावे लागतात, स्लॉट मशीनवर परताव्याची टक्केवारीही दाखवावी लागते.

महाराष्ट्राने 1976चा कॅसिनो कायदा 2023मध्ये रद्द केला. पण आपली माणसं गोव्याला जातात, मांडवीतल्या बोटींवर खेळतात. तिथे प्रत्येक टेबलाशी मराठी-कोंकणीत ठळक पाटी हवी, आणि ती कायद्याने सक्तीची हवी. बचत गटाच्या कामात मी पाहते, जुगारात पैसा गेला की आधी घरातलं सोनं गहाण पडतं, मग मुलीची फी थकते. पाटी वाचून सगळेच थांबणार नाहीत, हे खरं. पण 'नशीब फिरेल' म्हणणाऱ्यापुढे 3700 आणि 3600चा हिशेब आपण आजच मांडू शकतो ना?