जानेवारीची मॅरेथॉन गणपतीनंतर ठरवू नका

दरवर्षी डिसेंबर लागला की माझ्या ओपीडीत एक ठरावीक पेशंट येतो. वय चाळीसच्या आसपास, मनगटावर नवं कोरं घड्याळ, पायात महागडे शूज आणि हातात एक फॉर्म. "डॉक्टर, त्रास काहीच नाही. फक्त फिट आहे म्हणून सही हवी होती."

मी विचारतो, किती दिवस पळताय? "गणपतीनंतर सुरू केलं." आणि शर्यत केवढी? "फुल!" फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. ऑगस्टपर्यंत जो माणूस दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघत होता, त्याला जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत बेचाळीस किलोमीटर पळायचे आहेत.

मी सही करत नाही. लोक नाराज होतात. काही जण दुसरीकडून सही आणतात, आणि ती मिळतेही. म्हणूनच हे लिहितोय.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी पळण्याच्या विरोधात नाही. "पळून पळून गुडघे झिजतील" असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांचंही ऐकू नका. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौशी धावकांमध्ये गुडघा किंवा खुब्याचा संधिवात साधारण ३.५ टक्के लोकांना होता आणि बसून राहणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. तेव्हा पळा, जरूर पळा. माझं भांडण आहे ते चार महिन्यांशी.

तुमचं शरीर सगळं एकाच वेगाने शिकत नाही. पळायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, दीड-दोन महिन्यांत दम लागणं कमी होतं. तुम्हाला वाटतं, जमलं! पण हाडं आणि टेंडन यांना ही बातमी अजून पोचलेलीच नसते. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते सावकाश घट्ट होतात. हाडाचं तर आणखी वेगळं. नवा ताण आला की हाड आधी स्वतःचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरायला काही आठवडे लागतात, भरायला तीनेक महिने. म्हणजे मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं. आणि नेमक्या त्याच काळात दम वाढलेला असल्यामुळे तुम्ही रविवारची धाव दहावरून अठरा किलोमीटरवर नेता. एका किलोमीटरला हजारेक पावलं, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. हिशोब तुम्हीच करा.

ही काही आजची गोष्ट नाही. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय पाहून नोंद करून ठेवली होती. तेव्हा एक्स-रे नव्हता. पुढे कळलं की ते पावलाच्या हाडांना गेलेले बारीक तडे होते. आज आम्ही त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. तेव्हा ते सैन्यात नव्याने भरती झालेल्या मुलांना व्हायचं, आता आयटी कंपनीतल्या मॅनेजरना होतं.

मागे एक बाई आल्या होत्या, बँकेत नोकरी, वय अडतीस. नडगीच्या आतल्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत होतं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, शेवटी रात्री झोपेतही. एक्स-रे नॉर्मल होता. (पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, त्यावर विसंबू नका.) ग्रुपमधल्यांनी सांगितलं, "पेन आहे म्हणजे गेन आहे." त्यांनी गोळी घेतली आणि तीस किलोमीटरची सरावाची धाव पूर्ण केली. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला तडा. मग सहा आठवडे कुबड्या आणि पळणं पाच महिने बंद. घरी दोन लहान मुलं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर. त्या रडल्या त्या मेडल हुकलं म्हणून नाही. "मला कोणी थांब म्हटलंच नाही," असं म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, ॲपमध्ये सोळा-अठरा आठवड्यांची योजना असतेच की. असते. पण तिचा पहिला आठवडा नीट बघा. बऱ्याच योजनांत पहिल्याच रविवारी नऊ-दहा किलोमीटर पळायचे असतात. म्हणजे ती योजना आधीच काही महिने नियमित पळणाऱ्या माणसासाठी आहे. ती शून्यापासून सुरू होत नाही, तुम्ही शून्यापासून सुरू करताय.

"आमच्या ऑफिसमधल्या अमक्याने चार महिन्यांत केली." केली असेल. हेल्मेट न घालता तीस वर्षं गाडी चालवणारेही मला माहीत आहेत.

आता हृदयाचं. घाबरवण्यासाठी नाही, पण आकडे सांगतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि फुल मॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांमध्ये ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं, त्यातले ४२ दगावले. प्रमाण फारच कमी आहे. पण फुलमध्ये ते हाफच्या जवळजवळ चौपट होतं. त्यात आपला मुद्दा असा की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक इतरांपेक्षा साधारण पाच वर्षं आधी येतो, हे मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलंय. चाळिशीत पळायला सुरुवात करणारा मराठी माणूस, थोडं पोट, बॉर्डरवरची शुगर, वडिलांची पन्नाशीत बायपास: हा माझा नेहमीचा पेशंट आहे. त्याने पळायलाच हवं. पण त्याला घाई परवडणारी नाही.

आणि ती सही? खरं सांगू का, तिच्यात तुम्हाला वाटतं तेवढा दम नसतो. ईसीजी झोपून काढलेला असतो. स्ट्रेस टेस्टमध्ये बऱ्यापैकी अरुंद झालेली रक्तवाहिनी कळते, पण लहानसा चरबीचा थर फुटून गुठळी होणार का, हे ती सांगू शकत नाही. त्यापेक्षा महिनोन्महिने हळूहळू पळताना तुमचं शरीर जे सांगतं ते मोलाचं. पळताना छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, आणि थांबलं की सगळं गायब, याला ॲसिडिटी म्हणू नका. ॲसिडिटीला तुम्ही पळताय की उभे आहात याच्याशी एवढं देणंघेणं नसतं. पळताना चक्कर येऊन पडलात, तर पुन्हा बूट घालण्याआधी डॉक्टर गाठा. पण घाईत असलेला माणूस हे ऐकत नाही, कारण त्याच्याकडे फक्त पाच रविवार उरलेले असतात.

याच घाईतून गोळी येते. शर्यतीच्या पहाटे चारला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक "आधीच घेऊन ठेवणारे" खूप आहेत. घाम गेल्याने किडनीकडे रक्त कमी जात असतं, त्यात ही गोळी तो पुरवठा आणखी आवळते. ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीत याची चाचणी झाली आहे: आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या किडनीवर ताण आलेला दिसला, साखरेची गोळी घेतलेल्यांत एक तृतीयांश. बहुतेकांचं सुधारतं. पण ज्याचं बीपी आहे आणि ज्याने वर दोन दिवस जुलाबही काढलेत, त्याने हा जुगार का खेळावा? पाण्याचंही तसंच. हळू पळणारे प्रत्येक टेबलावर थांबून दोन-दोन ग्लास पितात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि पळताना वजन वाढलेल्यांत ते जास्त दिसलं. तहानेप्रमाणे प्या. शर्यत संपल्यावर तुमचं वजन सुरुवातीपेक्षा जास्त भरलं, तर तुम्ही जास्त प्यायलात.

मग कधी पळायची फुल? पहिलं वर्ष चालणं आणि पळणं आलटून पालटून, पाच किलोमीटर, मग दहा. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती, दोन दिवस पायांचे व्यायाम: उठाबशा, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. पळण्याचा वेग असा ठेवा की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. दुसऱ्या वर्षी हाफ. ती विनागोळी, विनालंगडता पूर्ण झाली आणि बीपी-शुगर ताब्यात असेल, तर तिसऱ्या जानेवारीत फुलचं नाव काढू. हळू वाटतंय? वयाच्या चाळिशीपर्यंत थांबलात, आणखी दोन वर्षं थांबा.

या वर्षीचा फॉर्म भरून झाला असेल, तर आयोजकांना विचारा, कमी अंतराची शर्यत बदलून मिळते का. मिळत नसेल तर पैसे गेले समजा. एका एमआरआयच्या बिलापेक्षा ते कमीच असतील.

डिसेंबरात सहीसाठी येऊ नका. आजच ठरवलं असेल तर याच आठवड्यात या, सकाळी रिकाम्या पोटी. शुगर आणि लिपिड बघू, बीपी दोन्ही हातांचं घेऊ. येताना जुने शूजही घेऊन या, त्यांचे तळवे कुठे झिजलेत ते मला बघायचं आहे.