रावलापाणीच्या खडकावरच्या खुणा



नंदुरबारचे नाव निघाले की पाठोपाठ शिरीषकुमारचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती घेऊन निघालेला हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार साथी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. शहरात त्यांचे स्मारक आहे, दरवर्षी हार घातले जातात. पण त्यानंतर सहा महिनेही झाले नव्हते, तोच तापीच्या पलीकडे तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे पुन्हा गोळ्या चालल्या. तारीख होती २ मार्च १९४३. मेले ते भिल्ल, गोरगरीब आदिवासी. पंधरा जण शहीद झाले असे सांगितले जाते. या पंधरांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? आमच्या कोरीटला जयंतीच्या वर्गणीसाठी जमलेल्या मुलांना आम्ही हा प्रश्न केला. शिरीषकुमार सर्वांना माहीत होता. रावलापाणी एकालाही माहीत नव्हते. दोष मुलांचा नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

आपला हा मुलूख सरहद्दीचा. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे पाहून पाहुणेमंडळींना गंमत वाटते. १९६० साली दोन राज्ये झाली, तेव्हा नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या भागातील कित्येक गावे गुजरातेत गेली. त्याआधी तर इकडे इंग्रजांचा मुलूख, तिकडे बडोद्याचा, मध्ये डांगचे आणि मेवासचे छोटे राजे. हद्दी राजांच्या होत्या. जंगल मात्र एकच होते, सावकार सारखाच होता आणि दारूचा ठेकाही सारखाच होता.

दारूची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मोहाची दारू आदिवासी पूर्वीपासून घरी गाळत. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारी कायदा केला. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि दारू विकण्याचा हक्क ठेकेदाराकडे गेला. सरकारला महसूल मिळाला, ठेकेदाराला नफा मिळाला. पिणाऱ्याच्या नावावर मात्र उधारी चढली. उधारीत आधी पीक गेले, मग बैल गेला, शेवटी जमीन गेली. कालचा जमीनमालक दुसऱ्याच्या शेतावर सालदार झाला. दारूने माणूस नुसता झिंगत नाही, तो विकला जातो, हे या मुलुखाने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

म्हणून या मुलुखातील आदिवासींनी बंड केले ते आधी दारूवर केले. १९२२ साली 'देवी आली' अशी एक लाट समुद्रकाठाकडून डोंगर चढून सुरत, सोनगड, व्यारा या भागात पसरली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याच्या कामाला जाऊ नका, असा देवीचा हुकूम आहे असे लोक मानत. खेडीच्या खेडी निर्व्यसनी झाली आणि ठेकेदार हवालदिल झाले.

पुढे तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराज नावाचे भिल्ल समाजातील सत्पुरुष झाले. दारू पिऊ नका, चोरी करू नका, स्वच्छ राहा, ही त्यांची साधी शिकवण. १९३८ च्या सुमारास हजारो आदिवासी त्यांच्याकडे लोटू लागले. 'आप की जय' हा त्यांचा घोष होता. वाचकहो, या 'आप' शब्दाचा विचार करा. ज्यांना उभ्या जन्मात गावाने 'अरे-तुरे' शिवाय हाक मारली नाही, त्यांच्या तोंडी 'आप' आला! 'जयभीम' म्हणताच मान कशी वर होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९३८ सालीच गुला महाराजांचे निधन झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालविले. हजारो आदिवासी दारू न पिता एका ठिकाणी जमतात, याची सरकारला धास्ती वाटू लागली. रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले. तरी लोक तुटले नाहीत. १९४३ च्या मार्चमध्ये महाराज आणि त्यांचे अनुयायी रावलापाणीच्या मुक्कामी असताना गोळीबार झाला. नाल्याच्या खडकावर गोळ्यांच्या खुणा लोक आजही दाखवतात.

आता काही धम्मबांधव म्हणतील, महाराज, आरती, घोष यांच्याशी आपला काय संबंध? आपण बुद्धीची कास धरणारे लोक. हे बरोबर आहे. देवीचा हुकूम आपण मानणार नाही. पण त्या लोकांनी जे करून दाखविले ते आपल्या पाचव्या शीलाहून निराळे आहे काय? आपण दर पौर्णिमेला ते शील मुखाने म्हणतो. त्यांनी ते पाळले, आणि त्याची किंमत रक्ताने मोजली.

ही परंपरा तिथेच थांबली नाही. १९७२ नंतर शहादे तालुक्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या. तेव्हा आदिवासी बायाच पुढे सरसावल्या. गावोगाव मोर्चे काढून त्यांनी दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार आणि रिकामी चूल यांचे मूळ कुठे आहे, हे त्या मायभगिनींना कोणा पुढाऱ्याने शिकवावे लागले नाही.

इतिहास कसा टिकतो, याचे एक उदाहरण आपल्याच घरात आहे. परमपूज्य बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. सरकारी दप्तरात ही नोंद किरकोळ ठरली असती. पण आपले लोक दरवर्षी ३१ जुलैला, भर पावसात, लेकरेबाळे घेऊन तो डोंगर चढतात. म्हणून तो बंगला इतिहास झाला. पुस्तक कोणी लिहो न लिहो, पायी जाणारी माणसे इतिहास जिवंत ठेवतात.

रावलापाणीलाही आदिवासी बांधव २ मार्चला जमतात. आमचे मागणे एवढेच, की नंदुरबार, शहादे, तळोद्याच्या बौद्ध वस्त्यांतून दहा-वीस माणसांनी तरी त्या दिवशी तिथे जावे. मुलांना बरोबर न्यावे आणि खडकावरच्या खुणांना हात लावू द्यावा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून जी नावे, ज्या हकिकती मिळतील त्या वहीत उतरवून घ्याव्यात. ज्यांनी त्या दिवसाची कहाणी आईबापांच्या तोंडून ऐकली, ती पिढीही आता थकली आहे. आज लिहिले नाही तर उद्या कोणाला विचारणार?

आणि परत आल्यावर आपल्या वस्तीतल्या गुत्त्याकडेही एकदा पाहावे. जयंतीच्या मिरवणुकीत प्यालेला माणूस नाचतो तेव्हा कोणाची मान खाली जाते, हे आम्ही सांगायला हवे काय?

जयभीम! नमो बुद्धाय!